भुरीचं दुखणं

काकाजी इंगोले आपल्या मोटारीजवळ मागच्या बाजूने कधी जात नसत. मोटार बंद असो, कुलपात असो, जॅकवर चढवलेली असो; काकाजी समोरून यायचे, दोन पावलं अलीकडे थांबून "हूं भुरे, हूं" म्हणायचे, मग बॉनेटवर थाप मारून, हात तसाच मडगार्डवरून फिरवत दाराशी जायचे. मी देवळीच्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून नवा नवा आलो होतो तेव्हा एकदा न राहवून विचारलं, "काकाजी, ही काय लाथ मारते?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाजारात गोऱ्हा पारखावा तसं, आणि म्हणाले, "आजलोक नाई मारली. पण तिले बिचकावाचं काऊन?"

मोटारीला बिचकायला काय झालं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढे कळलं की या माणसाचा उभा जन्म ढोरांच्या डॉक्टरकीत गेला होता. आर्वीपासून हिंगणघाटापर्यंत असा गोठा नव्हता ज्यात काकाजींचा हात कधी ना कधी गायीच्या पोटात कोपरापर्यंत गेला नसेल. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी ही मोटार घेतली. मालगुजारी गेली तेव्हा एका मालगुजाराने हत्ती विकायला काढावा तशी ती विकायला काढली होती. रंग मातकट भुरा, म्हणून नाव भुरी. काकी वारून बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा मधुकर जबलपूरला इंजिनिअर. घरात काकाजी आणि अंगणातल्या लिंबाखाली भुरी, असा संसार होता.

डॉक्टरकी सुटली तरी सवय सुटली नव्हती. आमच्या हिचं एकदा डोकं धरलं होतं. काकाजी ओट्यावर बसले होते, त्यांना सांगितलं. त्यांनी लांबूनच तिच्याकडे पाहिलं आणि मला गंभीरपणे विचारलं, "चारा काय देता?" ही आतून फणफणत निघून गेली आणि तिचं डोकं तिथल्या तिथे उतरलं. ते उतरलं रागाने, पण काकाजींनी ते आपल्याच खात्यावर मांडलं. "पाह्यलं? ढोर सांगत नाई मास्तर, दाखवते. आपण पाहाचं," असं वर मलाच ऐकवलं.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "एका टायमाले एकच औषध." दोन औषधं एकदम दिली आणि ढोर उठलं, तर कोणत्या औषधाने उठलं ते कळत नाही, आणि मेलं तर कोणत्याने मेलं तेही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी जेवणालाही लावलं होतं. एका वेळी एकच भाजी. पंगतीत बसले की आधी सगळं वरण संपवत, मग भाजीकडे वळत, आणि वाढप्याची त्रेधा उडे.

पण खरी ओळख सांगायची तर काकाजी शब्दाचे पक्के होते. नोकरीत असताना बऱ्याच बड्या लोकांनी त्यांना खोटा दाखला मागितला होता, जिवंत बैल मेला म्हणून. काकाजी म्हणत, "मेला का? मग दाखव, मी रडतो." दाखला काही देत नसत. खोटं बोलायला त्यांना जमतच नव्हतं. बोलायला गेले की कान लाल होत. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं.

आता झालं असं की त्या उन्हाळ्यात मधुकर आला. ओट्यावर आम्ही सगळे बसलो होतो. मधुकर म्हणाला, "बाबा, आता एकटं राहू नका. चला माझ्याकडे." राज्यांची फेररचना नुकतीच झाली होती, आपण मुंबई राज्यात आलो आणि जबलपूर मध्यप्रदेशातच राहिलं. काकाजी आमच्याकडे वळून म्हणाले, "पाहा जी, पोरगा जागचा हलला नाई अन परराज्यात गेला. आता मलेई पाठवून राह्यला." आम्ही हसलो, पण मधुकर हसला नाही. तेव्हा काकाजींनी सबब काढली, की भुरीला इथे टाकून कसा येऊ, आणि तिला आणावं तर तिची चाकं गंजली, टायरांचे तर धागे निघाले. मधुकर शांतपणे म्हणाला, "मी नवी चाकं अन टायर पाठवतो. ती बसली की भुरीला घेऊनच या. मग तर झालं?" सबबीलाच पोराने चाकं लावल्यावर बाप काय बोलणार! काकाजी म्हणाले, "ठीक आहे. भुरी नीट चालली का निघालोच. शब्द आहे."

चाकं वर्ध्याला रेल्वेने आली आणि तिथून देवळीला बैलबंडीत बसून आली. काकाजींनी ती बसवायला दिवस निवडला पोळ्याच्या आदल्या दिवसाचा. त्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. खांद्याला हळद-लोणी लावायचं, पळसाच्या पानाने शेकायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." काकाजींनी भुरीच्या पुढच्या आसाला ग्रीस दिलं, वर बोटभर हळद-लोणीही लावलं, आणि हेडलाइटाजवळ तोंड नेऊन आवतन दिलं. चाकं चार आली होती, पण बसवली फक्त पुढची दोन. एका टायमाले एकच औषध!

पोळ्याच्या संध्याकाळी पहिली सवारी निघाली. आम्ही चौघं. काकाजी चालवायला, त्यांच्या शेजारी मी. मागे कापसाचे अडते चंपतराव आणि प्राथमिक शाळेतले रामटेके गुरुजी. रामटेक्यांनी गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि गावात अजून काही ओटे असे होते जिथे त्यांना बसा म्हणताना लोकांची जीभ अडखळे. काकाजींच्या गाडीत जागा वजनावर मिळत असे. चंपतराव अडीच माणसांचे, म्हणून ते मागे उजवीकडे, आणि त्यांना तोल म्हणून रामटेके आणि एक मणभर ज्वारीचं पोतं मागे डावीकडे. पुढे रोजच्या फेरीत चंपतरावांचा गुडघा रामटेक्यांच्या गुडघ्याला लागे आणि नाचणगावच्या हॉटेलापर्यंत तसाच राही. पहिले एक-दोन दिवस चंपतराव अवघडून बसले, मग खांद्यावर डोकं टाकून झोपायला लागले.

गाव मागे पडलं, सडक सरळ झाली, काटा तिशीच्या पुढे गेला, आणि पस्तिशीजवळ येताच स्टिअरिंगच्या अंगात आलं. दुसरा शब्द नाही त्याला. काकाजींचे हात, मनगटं, कोपर, गालाची कातडी सगळं थरथर थरथर. त्यांनी वेग वाढवला तर चाळिशीच्या पुढे थोडं शांत झालं. कमी केला तर तिशीखाली अगदी साफ. पुन्हा पस्तिशी, पुन्हा थरथर.

"नजर लागली," चंपतराव मागून म्हणाले. "लिंबू-मिरची बांधा जी."

"सडक खराब असेल," मी म्हणालो.

"नवं आहे, अंगवळणी पडाले वेळ लागन," रामटेके म्हणाले.

काकाजींचे डोळे मात्र चमकायला लागले होते. त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, समोरून आले, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "बोल माय, काय दुखते?" पेन्शनीत निघाल्यापासून एवढा खूष मी त्यांना पाहिला नव्हता. कितीतरी दिवसांनी त्यांच्या दारी रोगी आला होता.

मग सुरू झाली तपासणी. रोज संध्याकाळी शाळा सुटली, अडत बंद झाली की आम्ही हजर. तीच माणसं, त्याच जागा, तीच सडक. बदलायची एकच गोष्ट. पहिल्या दिवशी सडक बदलली. वर्ध्याच्या बाजूला गेलो; तिकडेही थरथर. म्हणजे माझी सडक निर्दोष सुटली. मग टायरातली हवा. चंपतरावांनी हळूच बांधलेलं लिंबू काकाजींनी सोडून ठेवलं, कारण हवा आणि लिंबू ही दोन औषधं झाली. हवेने फरक नाही. मग लिंबू रीतसर बांधलं आणि हवा जैसे थे ठेवली. लिंबानेही फरक नाही. तेव्हा चंपतरावांना वाईट वाटलं, पण न्याय झाला असंही वाटलं.

मग चाकाचे नट. ते ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळले. मग पुढची नवी चाकं मागे आणि मागची जुनी पुढे. त्या दिवशी गंमत झाली. पस्तिशी आली तरी काकाजींच्या हातातलं स्टिअरिंग गप्प. आम्ही वा वा म्हणणार एवढ्यात झोपलेले चंपतराव दचकून उठले.

"काय झालं?" काकाजींनी विचारलं.

"काई नाई जी. पण आता माह्या बुडाले कळून राह्यलं!"

काकाजींनी गाडी थांबवून चक्क टाळी वाजवली. रोग चाकांबरोबर मागे गेला होता. म्हणजे स्टिअरिंग निरोगी, आस निरोगी, दुखणं चाकातच. रामटेक्यांनी चंपतरावांची पाठ थोपटली आणि चंपतराव घरी गेल्यावर बायकोला आपल्या कामगिरीबद्दल सांगत बसले. नेमकी कामगिरी कोणत्या अवयवाने केली ते त्यांनी तिला सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

हे सगळं वाचायला वेड्याचा बाजार वाटेल. मलाही वाटे. वह्या तपासायच्या पडलेल्या, ही घरी तणतणत असलेली, आणि मी रोज नाचणगावच्या हॉटेलात चहा पिऊन परत येतो आहे! पण पाच वाजले की पाय आपोआप तिकडे वळत. खिडकीतून वारा येई, पराटीची, म्हणजे कपाशीची, शेतं मागे पडत, काकाजी "आली, आली, पाहा आता, धरा" म्हणून ओरडत, आणि आम्ही तिघं बाप्ये श्वास धरून त्या थरथरीची वाट पाहत असू. आमच्या गावात संध्याकाळी दुसरं होतं तरी काय?

शेवटी रोग सापडला. नवी चाकं पुन्हा पुढे आणली, एक जॅकवर उचललं, हाताने फिरवलं आणि रामटेक्यांनी त्याच्या कडेजवळ खडू स्थिर धरला. खडू चाकाला एकाच बाजूला लागला, दुसऱ्या बाजूला नाही. चाक वाकडं बसलं होतं. काढून पाहिलं तर चाकाची जी बाजू गाडीला टेकते तिथे कारखान्यातल्या कोण्या उदार माणसाने रंगाचे थरावर थर दिले होते आणि एके ठिकाणी ओघळ सुकून त्याचा खडा झाला होता. काकाजींनी रंग खरवडला, चाकं बसवली, नट समोरासमोर आवळले.

त्या दिवशी रामटेके शाळेच्या तपासणीमुळे आले नव्हते आणि चंपतराव मागे घोरत होते. जागे आम्ही दोघंच, मी आणि काकाजी. काटा तिशीवर आला, बत्तिशीवर आला, पस्तिशीवर आला. स्टिअरिंग दुधासारखं शांत! मी आनंदाने काकाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. तपासलेलं ढोर उठून उभं राहिलं तर डॉक्टराचा चेहरा असा होत नाही.

"गेलं ना काकाजी?" मी म्हणालो.

"आहे," ते समोर बघत म्हणाले. "बारीक आहे. तुमाले नाई कळाचं." त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी थरथर परत आली. पहिल्यापेक्षा दुप्पट. रामटेक्यांनी कपाळाला हात लावला. चंपतराव म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, नजर आहे." आणि आमची तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पण आता काकाजी "आली, आली" असं ओरडत नसत. गप्प चालवत. नाचणगावला चहा मात्र आम्हाला आग्रहाने पाजत, आणि परत निघायची घाई आधीसारखी करत नसत.

दिवाळी जवळ आली. मधुकर सुटीत येणार असं कळलं होतं. एका रविवारी दुपारी आमची गाय चारा खाईना, म्हणून मी काकाजींना बोलवायला निघालो. जवळची वाट त्यांच्या घरामागच्या कुंपणाने होती. कुंपणापाशी आलो आणि थबकलो.

लिंबाखाली भुरी जॅकवर. पुढचं चाक काढून आडवं ठेवलेलं. बाजूला घमेल्यात काळी माती कालवलेली, आणि काकाजी तिच्यात मूठ मूठ कुटार, म्हणजे भुसा, टाकून मळत होते. आमच्याकडे भिंतीच्या मातीत कुटार घालतात, भेगा पडू नयेत म्हणून. मळून झाल्यावर त्यांनी चाकाच्या आतल्या खोबणीत, एका बाजूला, तो गोळा दाबून बसवला. वरून ओल्या तळव्याने गुळगुळीत केला. घरातल्या बाया चूल लिंपतात तसा. आमची काळी माती वाळली की विटेसारखी होते, छिन्नीशिवाय निघत नाही. मग चाक उन्हाकडे फिरवून ते त्याच्याशी बोलले, "धरून राहाजो बाप्पा. दिवाळीलोक पडू नको."

मला आधी वाटलं म्हाताऱ्याला उन्हाने भ्रम झाला. मग एकदम सगळं समजलं. भुरी बरी झाली की काकाजींना गाव सोडावं लागणार होतं. शब्द दिला होता. शब्द मोडता येत नाही आणि खोटं बोलता येत नाही. म्हणून या भल्या माणसाने चाकाचा तोल बिघडवून भुरीलाच आजारी पाडलं होतं! "गाडी नीट नाही" हे वाक्य तेवढ्यापुरतं खरं करून घेतलं होतं. जन्मभर ज्याने एक खोटा दाखला दिला नाही, त्याने हा असला मातीचा दाखला तयार केला होता.

मी पाय न वाजवता मागे फिरलो. गायीचं म्हणाल तर तिने संध्याकाळी आपल्या मनाने चारा खाल्ला.

मधुकर लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आला. आल्या आल्या म्हणाला, "काढा गाडी, मी पाहतो." काकाजी म्हणाले, "आज राहू दे, सणाचं आहे." पण मधुकर स्टिअरिंगवर बसलाही. काकाजी त्याच्या शेजारी बसले, आणि मी मागे चंपतराव आणि रामटेक्यांच्या मधे अंग चोरून. गाव सुटलं. पस्तिशी आली आणि भुरी थरथरली, अगदी इमानाने. काकाजी हलकेच म्हणाले, "पाह्यलं? मी म्हणलं नव्हतं?"

पुढे नाल्याजवळ सावली पाहून मधुकरने गाडी थांबवली, उतरला, पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि आत हात घातला. हात तिथेच थांबला. मी खाली वाकून पाहिलं. मातीवर ओला तळवा फिरवल्याच्या रेघा दिसत होत्या आणि कडेने कुटाराची काडी बाहेर आली होती. सडकेवरचा चिखल कुटार घालून, स्वतःला थापून चाकात बसत नाही, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

"काय हाय जी?" चंपतरावांनी खिडकीतून विचारलं.

काकाजी त्या वेळी रस्त्यापलीकडच्या पराटीकडे बघत होते. कान लालभडक. मधुकरने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा मातीकडे. मग उठला, गवताला हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"बेअरिंगचं काहीतरी दिसते," तो म्हणाला. "आतलं दुखणं आहे. घाई करून उपयोग नाही. एवढ्या लांब तर न्यायचीच नाही सध्या. बाबा, तुम्ही राहा इथंच. बसा आरामात. होईल सावकाश."

मी सुटकेचा श्वास टाकला. मधुकरबद्दल मला इतकं काही वाटलं की काय सांगू. पोरगा असावा तर असा, हे मी मनात दहा वेळा म्हणालो. काकाजी नुसतं "हं" म्हणाले.

भाऊबीज झाल्यावर मधुकर निघाला. आम्ही त्याला वर्ध्याला स्टेशनवर सोडायला गेलो, मी आणि काकाजी. गाडी तिशीच्या आत ठेवली होती. फलाटावर बापलेक हवापाण्याचं बोलले. आगगाडी निघताना मधुकरने वाकून पाय धरले, आणि काकाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली, बॉनेटवर मारत तशी. डब्यात चढल्यावर दारातून तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, लक्ष असू द्या." बास. आगगाडी गेली.

परत येताना सावंगी मागे पडल्यावर काकाजींनी गाडी एका बाभळीखाली घेतली. उतरले. बसायच्या जागेखालून जॅक, पाना आणि छिन्नी काढली आणि मला म्हणाले, "मास्तर, चाकाले दगड लावा जरा." मी लावला. त्यांनी चाक काढलं, आडवं ठेवलं आणि ती वाळलेली माती छिन्नीने फोडायला लागले. माझ्यासमोर. लपवण्याचा प्रयत्नच नाही.

"तुमी आलते त्या दिवशी कुंपणापाशी," ते मान वर न करता म्हणाले. "पाह्यलं होतं मी. ढोर आलं तरी चाहूल लागते मले, तुमी तं मास्तर."

मी चाकाला लावलेला दगड उगाच पुन्हा सारखा केला.

"कोणाले सांगतलं नाई?"

"नाही."

"मधुकरलेई कळलं. त्या घडीलेच कळलं." छिन्नीचे दोन घाव. "लहानपणी खोटं बोलला म्हणून मारलं होतं मी त्याले. आता माह्यासाठी खोटं बोलला. चारचौघांत."

"काकाजी, त्याला तुमचं मन कळलं म्हणून बोलला तो. सुटलात ना तुम्ही? आणखी काय पाहिजे?"

त्यांनी छिन्नी खाली ठेवली. एवढा धिप्पाड माणूस, पण त्या बाभळीखाली मला तो अगदी लहान दिसला.

"दोन पावसाळ्यांआधी मी राह्यलो होतो न तिथं, जबलपूरले," ते म्हणाले. "कायची कमी नाई. सूनबाई सोन्यासारखी. ताट पाटावर, पाणी हातात. पण मास्तर, सकाळी उठलो का सारे म्हणते, बसा बाबा, बसा. बाजारात निघाले, मले म्हणते, तुमी बसा. कोणाचं लग्न निघालं, तुमी कायले दगदग करता, बसा. भल्यासाठीच म्हणते, नाई म्हणत नाई मी. पण पूर्ण पावसाळ्यात एक माणूस चला म्हणला नाई मले. मी म्हणलं, आपण आता नुसते बसाचेच राह्यलो का?"

त्यांनी मातीचं एक ढेकूळ उचलून शेतात फेकलं.

"त्या दिवशी नाल्यापाशी त्यानं हात घातला, अन मले वाटलं, आता हा ओरडन माह्यावर. म्हणन, बाबा, नाटक पुरे झालं, चला. देवाशपथ सांगतो, तसाच उठलो असतो अन गेलो असतो त्याच्यासंग. मन नसतं तरी गेलो असतो. पण त्यानंई बसाच म्हणलं."

गणिताच्या मास्तराला एरवी उत्तर काढायची घाई असते. त्या दिवशी मी ती केली नाही. मी घमेलं नसल्याने ओंजळीने ती माती गोळा करून कडेला टाकत राहिलो. काकाजींनी चाकाची खोबण पंचाने स्वच्छ पुसली, चाक चढवलं, नट समोरासमोर आवळले आणि गाडीला वळसा घालून समोर आले.

निघालो. काटा पस्तिशीवर गेला आणि भुरी सरळ, साफ, कुठे थरथर नाही की आवाज नाही. काकाजींनी दोन्ही हात स्टिअरिंगवर सैल ठेवले होते. गाव दिसायला लागल्यावर ते म्हणाले, "घ्या. बरी झाली. आता संध्याकाळी तुमी लोकं कायले येसान?"

हा प्रश्न त्यांनी अगदी साधेपणाने विचारला. त्यांच्या फाटकाशी उतरून मी घरी आलो. जेवताना हिने विचारलं, काय झालं, तर मी म्हणालो, काही नाही, चाक नीट झालं. रात्री रामटेक्यांकडे गेलो, चंपतरावांकडे गेलो. सगळी हकिगत सांगितली नाही. एवढंच म्हणालो, की गाडी बरी झाली आहे, पण उद्या यायचं आहे. चंपतराव म्हणाले, "हे काय सांगणं झालं? येतोच न आपण."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं फाटकाशी उभे राहिलो. काकाजी ओट्यावर आरामखुर्चीत बसले होते, हात मांडीवर, जबलपूरला बसत असतील तसे. आम्हाला बघून त्यांना वाटलं आम्ही चौकशीला आलो, आणि नेहमीच्या रीतीने ते म्हणाले, "या, बसा."

"बसायला नाही आलो," मी म्हणालो. "काकाजी, चला."